कारवानी कुत्र्याचं कूळ

श्रोतेहो, नमस्कार.

ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याला लागलं, की डबऱ्याच्या अलीकडे टेकनपूर येतं. सीमा सुरक्षा दलाच्या कुत्र्यांचं प्रशिक्षण तिथे चालतं. 2024 साली लखनौच्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये या दलाची रिया विदेशी जातींच्या कुत्र्यांना मागे टाकून सर्वोत्कृष्ट ठरली. रिया मुधोळ जातीची. तिचं कूळ आज तुम्हांला सांगायचं आहे.

मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं संस्थान, आता कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. पण महाराष्ट्रात या कुत्र्याला कारवानी म्हणतात, आणि मला हेच नाव जास्त बोलकं वाटतं. कारवाँ म्हणजे उंटाघोड्यांचा काफिला. अरबस्तान, इराण, अफगाणिस्तानकडून दख्खनमध्ये व्यापारी आले, फौजा आल्या. त्यांच्यासोबत आलेल्या सलुकी, ताझी अशा शिकारी कुत्र्यांची ही संतती, असं मानलं जातं. अंगकाठी तशीच आहे: निमुळतं डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांबसडक पाय. यांच्यातच कानांवर, शेपटीवर रेशमी केस असलेला एक प्रकार आढळतो. त्याला पश्मी म्हणतात. पश्म म्हणजे फारसीत लोकर. आपल्या पश्मिन्यातला शब्द तोच. दख्खनच्या माळावरचा माणूस ‘आमचा पश्मी’ म्हणतो, तेव्हा त्या कुत्र्याची शेकडो कोसांची वाट त्याच्या तोंडून बाहेर पडते.

जातीला मुधोळचं नाव मिळालं ते राजेसाहेब मालोजीराव घोरपड्यांमुळे. आसपासच्या शिकारी लोकांकडची ही कुत्री त्यांच्या नजरेत भरली. त्यांनी ती निवडून वाढवली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली. पुढे 2005 मध्ये टपाल तिकिटावर मुधोळ कुत्रा आला, 2016 मध्ये मेरठला लष्करानं त्याचं प्रशिक्षण हाती घेतलं.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे कुत्रं नजरेचं. लांबवर ससा हलला की सुटायचं, वाऱ्यासारखं धावायचं. पिढ्यान्‌पिढ्या माणसानं त्याला निवडलं ते डोळ्यांसाठी आणि पायांसाठी. माग काढणं हे नाकाचं काम, त्यात विदेशी जातींचाच दबदबा. आणि रिया लखनौला माग काढण्यातसुद्धा पहिली आली.