घोरणं मध्येच थांबतं तेव्हा

(कोथरूडमध्ये ज्येष्ठ नागरिकांपुढे एका डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

"आमचे हे अगदी ढाराढूर झोपतात हो, घोरणं पार जिन्यापर्यंत ऐकू येतं," असं काकू कौतुकानं सांगतात. मी विचारतो, घोरणं मध्येच थांबतं का? "थांबतं ना! मग एकदम आचका दिल्यासारखा आवाज येतो आणि पुन्हा सुरू." रक्तदाबाच्या रुग्णाबद्दलची ही माहिती लाखमोलाची आहे, आणि ती त्याच्याकडे स्वतःकडे कधीच नसते.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते, आणि काहींची श्वासाची वाटच बंद होते. १० सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास अडला की त्याला ॲप्निया म्हणतात. छाती मात्र ओढतच असते. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि श्वास आत घ्यायचा प्रयत्न करा. (हृदयाचं दुखणं असलेल्यांनी नुसतं ऐका.) छाती आतल्या आत खेचली गेली ना? तो ताण हृदयाच्या भिंतींवरही येतो. डाव्या कप्प्याला रक्त बाहेर ढकलायला जादा जोर लावावा लागतो. इकडे रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो. मानेतल्या रोहिणीजवळच्या पेशी मेंदूला खबर देतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात. मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, आणि नेमका तेव्हाच रक्तदाब उसळी घेतो. तीव्र प्रकारात हे तासाला ३०हून अधिक वेळा होतं. सकाळी आठवत काहीच नाही.

निरोगी माणसाचा दाब रात्री १० ते २० टक्के उतरतो. यांच्यापैकी अनेकांचा उतरतच नाही. आपण मोजतो मात्र दवाखान्यात, दिवसाउजेडी! म्हणून अशांना मी २४ तासांचं मापन करायला सांगतो. लघवी वाढवणाऱ्या गोळीसकट तीन औषधं पुरेशा मात्रेत चालू असूनही दाब हटत नसेल, तर चौथी लिहिण्याआधी झोपेची चौकशी व्हायलाच हवी.

रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं आपण सरसकट प्रोस्टेटच्या किंवा साखरेच्या खात्यावर टाकतो. पण छातीतल्या त्या ओढीनं हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, त्याला वाटतं रक्त फार झालं, आणि तो लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतो. हेच कप्पे वर्षानुवर्षं ताणले गेले की ठोक्यांची लय बिघडण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो.

उपाय? वजन, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद, आणि सीपॅप. हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं हे यंत्र कॉलिन सुलिव्हन यांनी सिडनीत १९८१ साली मांडलं. त्यानं रक्तदाब सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतो. औषधांना दाद न देणाऱ्यांत थोडा जास्त. २०१६च्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके त्यानं कमी झालेले दिसले नाहीत. पण त्यातले रुग्ण यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही लावत नव्हते. म्हणून यंत्र घेतलंत तर रात्रभर लावा, आणि दाबाच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.