केसपेपरवर न आलेली तक्रार

नमस्कार, श्रोतेहो.

ठाण्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मी बरीच वर्षं सिस्टर होते. निवृत्तीनंतर घोडबंदर रोडवरच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये संध्याकाळी जाते. म्हणजे एकाच शहरातले दोन दवाखाने मी आतून पाहिलेत. डॉक्टर पेशंटचं ऐकतात कसं, आणि पेशंटच्या खिशाप्रमाणे ते ऐकणं बदलतं का, याविषयी आज बोलायचंय. बदलतं, हे आधीच सांगून टाकते.

संध्याकाळी पेशंट आत आला की डॉक्टर मान वर करून म्हणतात, "या, बसा. काय त्रास होतोय?" समोर दोन खुर्च्या, एक पेशंटची, एक सोबत आलेल्याची. दार लावलेलं. सकाळच्या ओपीडीत टेबलाभोवती चार माणसं उभी, स्टुलावर एक बसलेलं, आणि त्याचं बोलणं संपायच्या आत पुढच्याचा केसपेपर टेबलावर सरकवलेला. "हां, बोल, काय होतंय?" हे साठीच्या बाईला पंचविशीतला डॉक्टर विचारतो. काही मानद डॉक्टर तर सकाळी इथे आणि संध्याकाळी स्वतःच्या क्लिनिकमध्ये. माणूस तोच, आवाज मात्र वेगळा.

एक बाई आठवतात. लोकमान्यनगरला राहायच्या, वसंत विहारला चार घरची कामं करायच्या. अर्ध्या दिवसाचा खाडा करून आल्या होत्या. "पोटात दुखतं, सायेब," एवढं म्हणाल्या आणि पुढचं बोलणार तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "जेवण वेळेवर करते का? तिखट खाते?" त्यांनी मान हलवली. ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून झाल्या, पेपर हातात आला. दारापर्यंत जाऊन त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "सिस्टर, पाळी जाऊन चार-पाच वर्षं झाली, आता परत अंगावरून जातंय. ते यांना कसं सांगू?" त्या आल्या होत्या याच्यासाठी. पोटदुखी नुसती सुरुवात होती, चार परक्या पुरुषांसमोर सांगता येण्यासारखी. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाऊ लागलं तर ते कधीच अंगावर काढायचं नसतं, गर्भाशयाच्या कॅन्सरची शंका आधी दूर करावी लागते. हे त्या डॉक्टरांनाही पुरेपूर माहीत होतं. मी बाईंना परत आत नेलं, तेव्हा कुठे केसपेपरवर ती ओळ आली आणि पेपर स्त्रीरोग विभागाकडे गेला. सोनोग्राफी, बायोप्सी सगळं तिथून सुरू झालं.

डॉक्टर वाईट होते असं मुळीच म्हणत नाही मी. निवासी डॉक्टरांची रात्रीची ड्युटी संपून सकाळची ओपीडी सुरू होते, आणि एकेकासमोर शंभराच्या घरात पेपर असतात. गर्दीचं कारण खरं आहे. पण गर्दीमुळे वेळ कमी पडतो हे एक, आणि आवाज चढतो, अरेतुरे होते, ते दुसरं. "मावशी, बसा" म्हणायला "ए, बस" पेक्षा जास्त वेळ लागत नाही.

वेळेचंही थोडं बघू या. अमेरिकेत १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी तपासणीच्या खोलीतली संभाषणं ध्वनिमुद्रित करून तपासली. पेशंट तोंड उघडल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते. पुढे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विद्यापीठ रुग्णालयात उलटं करून बघितलं. डॉक्टरांना सांगितलं, पेशंट आपणहून थांबेपर्यंत गप्प बसा. त्याचा अभ्यास २००२ साली छापून आला. ३३५ पेशंट होते आणि ते बोलले सरासरी ९२ सेकंद. पाच मिनिटांच्या वर गेलेले फक्त सात निघाले. म्हणजे ऐकत बसलो तर ओपीडी संपायचीच नाही, ही जी भीती आम्ही सगळे बाळगून असतो, ती बरीचशी पोकळ आहे. आपल्याकडची गर्दी बाझेलच्या गर्दीपेक्षा किती मोठी, हे काय मला माहीत नाही? पण दीड मिनिट.

अमेरिकेच्या सरकारी पाहणीत पेशंटना चार गोष्टी विचारतात. डॉक्टरांनी लक्ष देऊन ऐकलं का, समजेल असं सांगितलं का, मान ठेवला का, पुरेसा वेळ दिला का. तिथेही कमी उत्पन्नाची माणसं श्रीमंतांपेक्षा जास्त वेळा नाराजी नोंदवतात. आपल्याकडे जिष्णु दास आणि जेफ्री हॅमर या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीतले दवाखाने अभ्यासले. डॉक्टरांना काय येतं आणि ते प्रत्यक्ष काय करतात, दोन्ही पाहिलं. सरकारी दवाखान्यांत या दोन्हींमध्ये मोठी दरी निघाली, येत असलेले प्रश्नसुद्धा विचारले जात नव्हते. त्या बाईंच्या पेपरचं नेमकं हेच झालं होतं.

यात एक चक्र आहे, ते मी रोज बघते. पॉलिक्लिनिकमधला पेशंट मोबाईलवर वाचून आलेला असतो, चार प्रश्न विचारतो, म्हणून त्याला चार उत्तरं मिळतात. शिवाय समाधान झालं नाही तर घरी जाऊन एक स्टार देईल, ही धास्ती डॉक्टरांना असते. किसननगरचा रिक्षावाला प्रश्न विचारत नाही. मग डॉक्टर धरून चालतात की याला काही जाणून घ्यायचं नाही, सांगून कळणारही नाही, आणि त्याला कमी सांगतात. पुढच्या वेळी तो आणखी गप्प. "विचारलं तर ओरडतील" हे वाक्य मी बाकावर इतक्यांदा ऐकलंय! दिवसाची कमाई बुडवून आलेला माणूस ओरडा खायला परत येत नाही, दुखणं अंगावर काढतो.

"पेशंटनी बोलायला शिकावं" असं म्हणणं मला पटत नाही, तापाने फणफणलेल्या माणसावर हा भार कशाला? तरी व्यवहारापुरतं सांगते. सर्वांत जास्त काळजी ज्याची वाटते, ते पहिल्या वाक्यात सांगा. सगळ्यांसमोर बोलता येण्यासारखं नसेल तर सिस्टरला आधीच गाठा. उठण्याआधी "मला काय झालंय?" एवढं विचारा, तो तुमचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक खाजगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद लावायची असते. ती बहुतेक ठिकाणी कॅलेंडरमागे किंवा औषध कंपनीच्या पोस्टरशेजारी सापडेल. दाखल असाल तर तुमची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवीत, हा डॉक्टरांसाठीचा नियम तर २००२ पासूनचा.

एमबीबीएसला २०१९ पासून वागणूक, नीतिमूल्यं आणि संवाद हा भाग अभ्यासक्रमात आलाय. छान झालं. पण पोरं शिकतात ती वरिष्ठांचं बघून, वर्गात काही का शिकवेनात.

आमच्याकडे एक निवासी डॉक्टर होता, मराठवाड्यातला. स्टूल त्याने टेबलाच्या पलीकडून उचलून आपल्या बाजूला ठेवलं होतं, आणि पेपर लिहून झाला की विचारायचा, "अजून काही, मावशी?" बाकीचे त्याला हसायचे, म्हणायचे, तुझी लाईन संध्याकाळपर्यंत चालणार. इतर टेबलं दीडला मोकळी व्हायची. त्याचं व्हायचं पावणेदोनला.