अनुवादकाची परीक्षा पास झाल्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

कर्मचारी निवड आयोगाच्या हिंदी अनुवादक परीक्षेत घरातली मुलगी पास झाली की पेढे येतात, आणि पाठोपाठ शेजारचे काका विचारतात, "म्हणजे ऑफिसात जाऊन नक्की काय करणार गं तू?" आज मी या प्रश्नाबद्दलच बोलणार आहे. माझी सगळी नोकरी केंद्र सरकारच्या राजभाषा कक्षात, म्हणजे कार्यालयातलं हिंदीचं काम पाहणाऱ्या शाखेत, गेली. मराठी घरांतून आलेली आणि हिंदी-इंग्रजीवर नोकरी उभी करणारी पुष्कळ माणसं मी जवळून पाहिली. काही जण असे निघाले की कठीण कागद आला की साहेब आधी त्यांना बोलवायचे. काही जण मात्र हिंदी पखवाड्याचे बॅनर लावणं आणि हिंदीच्या वापराच्या तिमाही अहवालाचे रकाने भरणं यातच अडकले. परीक्षा दोघांनी सारखीच दिली होती, मग फरक कुठे पडला?

आधी हे पद का आहे ते पाहू. राजभाषा अधिनियम 1963 सालचा. त्याच्या कलम 3 चं पोटकलम 3 म्हणजे आमच्या नोकरीचा पाया. सर्वसाधारण आदेश, नियम, अधिसूचना, प्रशासकीय अहवाल, प्रसिद्धिपत्रकं, करार, परवाने, निविदा सूचना, असे कागद केंद्राच्या कार्यालयातून हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघायलाच हवेत. पुढे 1976 मध्ये राजभाषा नियम आले. त्यांनी हिंदीच्या वापराच्या दृष्टीने देशाचे क, ख आणि ग असे भाग केले. आपला महाराष्ट्र 'ख' मध्ये, गोवा 'ग' मध्ये. याच नियमांनी सांगितलं की हिंदीत आलेल्या पत्राला उत्तर हिंदीतूनच जाईल. आणखीही एक गोष्ट सांगितली, जी नव्या अनुवादकाने पाठच करावी: कलम 3(3) चा कागद दोन्ही भाषांत निघतो आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याची आहे. म्हणजे अनुवाद ही राजभाषा कक्षाने कुणावर केलेली मेहेरबानी नाही. ती सही करणाऱ्याची गरज आहे. हे मनात पक्कं असलं की आपण साहेबांच्या टेबलापाशी ताठ उभे राहतो.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. हिंदी किंवा इंग्रजीत एम. ए. आणि पदवीला दुसरी भाषा विषय म्हणून, ही सरळ वाट. इतर विषयांत एम. ए. केलेल्यांनाही काही अटींवर वाव असतो, त्यासाठी जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्याशिवाय अनुवादाचा डिप्लोमा किंवा प्रमाणपत्र लागतं, नाहीतर अनुवादाचा अनुभव. पहिला पेपर 200 गुणांचा, बहुपर्यायी, निम्मा हिंदी आणि निम्मा इंग्रजी. दुसराही 200 गुणांचा, पण तो लिहायचा: दोन उतारे, एक इकडून तिकडे आणि एक तिकडून इकडे, शिवाय दोन्ही भाषांत एकेक निबंध. निवड झाली की कनिष्ठ अनुवाद अधिकारी, वेतनस्तर 6, मूळ पगार 35,400 पासून. त्यानंतर वरिष्ठ अनुवाद अधिकारी, मग सहायक निदेशक, उपनिदेशक आणि पुढे. दिल्लीच्या मंत्रालयांसाठी केंद्रीय सचिवालय राजभाषा सेवा आहे. रेल्वे आपली भरती वेगळी करते. सरकारी बँकांत राजभाषा अधिकारी हे पद आयबीपीएस या बँकभरती करणाऱ्या संस्थेच्या परीक्षेतून भरतात.

मराठी मुलांना एक गोष्ट फार मनापासून सांगायची आहे. लिपी एक, निम्मे शब्द ओळखीचे, त्यामुळे हिंदी आपल्याला येतेच असं आपण धरून चालतो. लिंगाच्या बाबतीत घात तिथेच होतो. मराठीत तीन लिंगं, हिंदीत दोन. आपलं 'ते दुकान' हिंदीत स्त्रीलिंगी होतं, 'ते कार्यालय' पुल्लिंगी होतं. 'आवाज' आपल्याकडे तो, तिकडे ती. 'मृत्यू' आपल्याकडे तो, तिकडे ती. आता कुटुंब निवृत्तिवेतनाची फाइल घ्या. तिच्यात कर्मचाऱ्याच्या निधनाचा उल्लेख प्रत्येक पानावर येणार, आणि आपला माणूस घाईत 'कर्मचारी का मृत्यु हुआ' लिहून मोकळा होतो. वाचणारा हिंदीभाषक अधिकारी तिथेच थांबतो आणि मग पुढच्या प्रत्येक ओळीकडे संशयाने बघतो. परीक्षेत यात गुण जातात, नोकरीत विश्वास जातो. यावर उपाय एकच. नवं नाम भेटलं की ते एकटं पाठ करू नका, विशेषणासकट वहीत लिहा.

आता नोकरीचा पहिला महिना. संध्याकाळी साडेचारला खरेदी विभागाचा शिपाई निविदा सूचनेचा इंग्रजी मसुदा टेबलावर ठेवतो. उद्या सकाळी ती जायची आहे. मसुद्यात ईएमडी म्हणजे बयाणा रक्कम आहे, सिक्युरिटी डिपॉझिट आहे, परफॉर्मन्स गॅरंटी आहे. प्रशासनिक शब्दावली, म्हणजे सरकारी शब्दांचा इंग्रजी-हिंदी कोश, उघडली की तिन्हींना हिंदी शब्द मिळतात, आणि नवा अनुवादक ते बसवून कागद परत पाठवतो. वरवर बरोबर दिसतो. पण ईएमडी निविदेसोबत भरायची आणि काम न मिळालेल्याला ती परत मिळते, डिपॉझिट मात्र काम मिळालेल्याकडून घेतात, हे त्याला माहीत नसलं तर चौथ्या परिच्छेदात 'ही रक्कम' म्हटलंय ती कुठली, हे त्याला कळत नाही. इंग्रजी मसुदा लिहिणारा बाबू तिथे मोघम लिहून गेलेला असतो. हिंदीत एक तर तो घोळ तसाच उतरतो, नाहीतर चुकीच्या रकमेला जाऊन चिकटतो. मग कुणी कंत्राटदार हिंदी प्रत हातात घेऊन भांडायला येतो, आणि त्याचं काही चुकलेलं नसतं.

जी माणसं मोठी झाली ती अशा वेळी खुर्चीवरून उठून खरेदी विभागात गेली. तिथल्या जुन्या हेडक्लार्कसमोर बसली आणि म्हणाली, "साहेब, ही रक्कम म्हणजे कुठली?" बहुतेक वेळा उत्तर मिळण्याआधी तो हेडक्लार्कच मसुदा हातात घेऊन म्हणायचा, "अरे, हे इंग्रजीतच चुकलंय." ज्या दिवशी हे घडतं त्या दिवशी तुमची ओळख बदलते. तुमच्यामुळे इंग्रजी मूळ दुरुस्त होतं. पुढच्या वेळी मसुदा साडेचारला न येता दुपारी येतो, कारण तुम्ही तो वाचावा असं त्यांनाच वाटायला लागतं. माझ्या मते द्विभाषिक नोकरीतली खरी बढती ही आहे. कागदावरची बढती ज्येष्ठतेनुसार होत राहते.

म्हणून नव्या मुलांना मी सांगते, पहिल्या वर्षी लेखा विभाग, आस्थापना आणि खरेदी या तिन्ही ठिकाणी रोज थोडा वेळ बसा. भविष्य निर्वाह निधीचा अर्ज कसा फिरतो, रजा कशी मंजूर होते, बिल कुठे अडतं, हे डोळ्यांनी बघा. 1971 मध्ये स्थापन झालेला केंद्रीय अनुवाद ब्यूरो अनुवादाचं प्रशिक्षण देतो आणि त्याचं केंद्र मुंबईतही आहे. तिथलं तीन महिन्यांचं प्रशिक्षण आलं तर टाळाटाळ न करता जा. पण ब्यूरो तुम्हाला अनुवाद शिकवेल, तुमचं ऑफिस शिकवणार नाही.

पखवाड्याबद्दल थोडं बोलते. 14 सप्टेंबरच्या आसपास निबंध, वक्तृत्व, बक्षिसं, पाहुणे हे सगळं होतं आणि ते जीव ओतून करावं. संसदीय राजभाषा समितीची पाहणी आली तर प्रश्नावलीही चोख भरावी. पण वर्षातले अकरा महिने याच तयारीत जात असतील तर कागद तुमच्या टेबलावर यायचं बंद होतं, आणि नंतर तो परत वळवणं फार जड जातं.

महाराष्ट्रात हिंदीचं काम करणाऱ्या मराठी माणसाला घरात आणि बाहेरही विचारतात, "मग मराठीचं काय?" हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. केंद्राच्या आपल्याकडच्या कार्यालयात नावाच्या पाट्यांचा क्रम आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी असा ठरलेला आहे. जनतेच्या हातात जाणारे फॉर्मही तसेच असायला हवेत. तिथली मराठी कोण बघतं? बहुतेक ठिकाणी राजभाषा कक्षातला मराठी माणूसच बघतो. तो नसला तर हिंदी वाक्याला मराठी प्रत्यय लावलेले फॉर्म छापून येतात आणि खेड्यातून आलेली बाई ते घेऊन खिडकीपाशी उभी राहते. दुसरी गोष्ट, संविधानाचं कलम 350. आपली तक्रार संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणजे मराठीतला अर्ज केंद्राच्या कार्यालयाने घ्यायचा असतो. एखाद्या विधवेने वहीच्या पानावर पेन्शनसाठी लिहिलेलं पत्र असतं, त्यात नवऱ्याचा पी. पी. ओ. म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर मजकुरात कुठेतरी दडलेला असतो, तारीख असते पण साल नसतं. ते पत्र लेखाधिकाऱ्याला कळेल अशा अर्ध्या पानाच्या टिपणात आणणं आणि गेलेलं उत्तर तिला कळेल अशा मराठीत सोबत जोडणं, हे माझ्या लेखी या नोकरीतलं सर्वांत मोलाचं काम. तिमाही अहवालात त्याला रकाना नाही. तरी करा.

ज्यांना मराठी-इंग्रजीतच काम करायचं आहे त्यांच्यासाठी राज्यात वाट आहे. 1960 मध्ये स्थापन झालेलं राज्याचं भाषा संचालनालय केंद्राच्या कायद्यांचे मराठी पाठ तयार करतं, आणि न्यायालयांतही अनुवादक व दुभाषी लागतात. तिथली मराठी कायद्याची असते, एकेक क्रियापद तोलून वापरावं लागतं.

आणि जे आधीपासून केंद्राच्या नोकरीत आहेत, लिपिक म्हणा, सहायक म्हणा, त्यांच्यासाठी हिंदी शिक्षण योजनेच्या प्रबोध, प्रवीण, प्राज्ञ आणि 2015 पासून पारंगत अशा परीक्षा आहेत. दहावीला हिंदी विषय घेऊन पास झालेल्याला हिंदीचं कार्यसाधक ज्ञान आहे असं नियमच मानतात, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांच्या उपयोगाची परीक्षा पारंगत. ती पास झाल्यावर प्रमाणपत्र कपाटात ठेवू नका. दुसऱ्या दिवसापासून रजेच्या फाइलवरचं टिपण हिंदीत लिहायला घ्या. टिपण हिंदी किंवा इंग्रजी, कुठल्याही भाषेत लिहिता येतं आणि त्याचा अनुवाद स्वतः जोडायची सक्ती तुमच्यावर नाही, हे 1976 च्या नियमांतच आहे.

यंत्राबद्दल हल्ली प्रत्येक मुलगा विचारतो. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मदतीने तयार झालेलं 'कंठस्थ' हे अनुवादाचं सॉफ्टवेअर राजभाषा विभागच वापरायला देतो. जुना अनुवाद ते लक्षात ठेवतं, नेहमीची वाक्यं समोर आणतं, त्याने तासन् तास वाचतात. जरूर वापरा. फक्त शेवटी इंग्रजी प्रत शेजारी घेऊन प्रत्येक आकडा, प्रत्येक तारीख आणि प्रत्येक क्रियापद बोट ठेवून तपासा. 'करावं लागेल' च्या जागी 'करता येईल' आलं की बंधनकारक अट ऐच्छिक होते, आणि त्यासाठी यंत्राला कुणी मेमो देत नाही.

बदल्यांची तयारी ठेवा. बँकेतल्या राजभाषा अधिकाऱ्याला राज्याबाहेर जावं लागतं, मंत्रालयाच्या सेवेत बराच काळ दिल्लीत काढावा लागतो. घरच्यांशी याबद्दल अर्ज भरण्याआधी बोला, नेमणूक आल्यावर बोलून उपयोग नसतो.

यंदा परीक्षेला बसणाऱ्यांनी भारताचं राजपत्र इंटरनेटवर उघडावं. त्यात अधिसूचना हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेली असते. रोज एक लहान अधिसूचना घ्या, हिंदी पाठ झाकून ठेवा, इंग्रजीवरून स्वतः अनुवाद करा आणि मग ताडून बघा. दुसऱ्या दिवशी उलट दिशेने करा. दुसरा पेपर हाताने लिहायचा आहे, म्हणून हा सराव कागदावर पेनानेच करा, आणि दोन तासांचं घड्याळ लावूनच करा.

नमस्कार.