लाल कॅप्सूलचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. आज एका जुन्या व्हिडिओ गेमविषयी बोलणार आहे. नाव 'ग्रेडियस'. जपानच्या कोनामी कंपनीनं तो १९८५ साली काढला. पडद्यावर डावीकडे आपलं इवलंसं विमान, 'व्हिक व्हायपर'. दृश्य आपोआप मागे सरकत राहतं, उजवीकडून शत्रूंच्या रांगा येतात, आपण गोळ्या झाडायच्या. गोष्ट एवढीच, आणि ती कुणी विचारतही नाही.

खरी गंमत आहे पडद्याच्या तळाशी. तिथं सहा खणांची पट्टी असते: वेग, क्षेपणास्त्र, दुहेरी मारा, लेझर, ऑप्शन आणि शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे कवच. शत्रूची अख्खी रांग उडवली की लाल कॅप्सूल मिळते. प्रत्येक कॅप्सूलनं उजेड एक खण पुढे सरकतो. बटण दाबलं की तो खण तुमचा, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आता पहिल्याच कॅप्सूलवर वेग घ्यायचा, की पाच साठवून ऑप्शन मिळवायचा? साठवत बसलं तर विमान बैलगाडीसारखं रेंगाळतं. वेग जास्त घेतला तर तेच विमान हाताबाहेर जाऊन भिंतीवर आदळतं. मी सुरुवातीला हावरटासारखा वेगच घेत सुटायचो. गोळ्यांनी कमी आणि भिंतींनी जास्त मेलो.

ऑप्शन म्हणजे काय, तर एक चमकता गोळा. तो आपण गेलो त्याच वाटेनं मागून येतो आणि आपल्याबरोबर गोळ्या झाडतो. आपण थांबलो की तोही आहे तिथंच थांबतो. म्हणजे वर-खाली एक झोका घेऊन थबकलं, की साथीदार हव्या त्या उंचीवर उभा. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच होतो.

आणि मग एक गोळी लागते. लेझर, ऑप्शन, वेग, सगळं जातं. थोडं मागे नेऊन तुम्हाला नुसत्या विमानानिशी उभं करतात, आणि समोर शत्रू तितकेच. रावाचा रंक! हा अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तसं वाटणारा मी एकटा नाही. १९८६ साली हाच गेम फॅमिकॉम या निन्टेंडोच्या घरगुती गेमयंत्रावर आणताना कोनामीचे प्रोग्रामर काझुहिसा हाशिमोतो यांना तो स्वतः खेळून तपासायचा होता, आणि त्यांनाच तो झेपेना. मग त्यांनी एक चोरवाट ठेवली. खेळ थांबवा आणि दाबा: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. जवळजवळ सगळी सामग्री एका झटक्यात हजर! ही चोरवाट तशीच गेममध्ये राहून गेली आणि पुढे कोनामीच्या कितीतरी गेम्समध्ये आली. हाशिमोतो २०२० साली गेले.

मी ती वापरतो का? बेलाशक वापरतो. मात्र डोंगराला धडकलं की विमान तरीही फुटतंच. परवाच फुटलं.