कामाला चालते, मग राहायला का नाही?

नमस्कार श्रोतेहो. परक्या घरातली तान्ही मुलं सांभाळणाऱ्या, आजीआजोबांची आंघोळ, औषधपाणी बघणाऱ्या ज्या बायका परदेशातून कॅनडाला जातात, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे. त्यांत फिलिपिन्सच्या सगळ्यात जास्त. आपल्या देशातूनही अनेक जणी जातात.

1955 साली कॅनडाने जमैका आणि बार्बाडोसमधून घरकामासाठी तरुण बायका आणायला सुरुवात केली. बाई अविवाहित हवी आणि तिला मूल नको, अशी अट होती. मग पोटच्या पोरांचं नाव अर्जात कोण लिहिणार? पुढे सात जमैकन बायकांना नेमक्या याच कारणावरून देशाबाहेर काढायचा हुकूम निघाला. ‘आम्ही कामाला चालतो, तर राहायलाही चालायला हव्या’ ही त्यांची मागणी रस्त्यावर आली आणि 1979 मध्ये त्यांना राहू द्यावं लागलं.

1992 पासून बाईने मालकाच्याच घरात राहायचं, ठरलेल्या मुदतीत चोवीस महिने काम भरायचं आणि मग कायम वास्तव्याचा, म्हणजे पीआरचा, अर्ज करायचा, अशी योजना होती. आता बघा, कामाच्याच घरात राहायचं म्हटल्यावर सुटी कधी होणार? रात्री दोनला आजोबांनी हाक मारली तर उठायचं तिनेच. परवाना त्या एका मालकाच्या नावावर. आजोबा वारले की नोकरी गेली, नवा मालक आणि नवा परवाना मिळेपर्यंत महिने मोजणं थांबलं. आणि तिची स्वतःची मुलं? ती तिकडे आजीपाशी वाढत होती.

हुआना तेहादा ही फिलिपिन्सची बाई. तिने काम पूर्ण केलं, अर्ज केला, तेव्हा दुसऱ्यांदा वैद्यकीय तपासणी झाली आणि आतड्याचा कर्करोग निघाला. सरकारी दवाखान्यांवर बोजा पडेल म्हणून अर्ज फेटाळला. लोक खवळले, तेव्हा 2008 मध्ये तिला कायम वास्तव्य मिळालं. 2009 मध्ये ती गेली. दुसऱ्या तपासणीची ती अट 2010 मध्ये रद्द झाली. मला विचाराल तर ही अट मुळात घालायलाच नको होती.

मालकाच्या घरी राहण्याची सक्ती 2014 मध्ये गेली. 2019 च्या योजनेत नवरा-मुलांना बरोबर नेता येऊ लागलं आणि परवाना एका मालकाऐवजी त्या कामाशी जोडला गेला. हे चांगलंच झालं. पण ती योजनाही प्रायोगिक, पाच वर्षांचीच. 31 मार्च 2025 ला नवी आली, तीही प्रायोगिकच. इंग्रजीची पातळी खाली आणली, शिक्षणाची अटही सैल केली. मुलं सांभाळणाऱ्यांसाठी 2,750 जागा आणि वृद्ध-आजारी सांभाळणाऱ्यांसाठी तेवढ्याच. कॅनडात आधीच असलेल्या बायकांसाठी दार उघडलं आणि त्याच दिवशी जागा भरल्या. म्हातारी माणसं तर दर वर्षी वाढताहेत! काम कायमचं आहे, मग हक्क तेवढा प्रायोगिक का? पहिल्या दिवसापासून कायम वास्तव्य द्यावं, ही या बायकांची मागणी मला शंभर टक्के पटते.

तुमच्या घरातलं कोणी या कामासाठी जाणार असेल, तर ‘पीआर नक्की’ म्हणून लाखो रुपये मागणाऱ्या एजंटाला दारात उभं करू नका. योजना चालू आहे की बंद, हे कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. आणि कोणी तिथे कामावर असेलच, तर तिला आज फोन करून सांगा: पगाराची प्रत्येक पावती, कराची कागदपत्रं आणि मालकाचं सहीचं पत्र आपल्याजवळ ठेव. केलेलं काम सिद्ध करायची वेळ आली की हेच कागद लागतात.