वाटीतले तीनशे मिलिलिटर

(गाडीच्या पोटाखालून घेतलेले दृश्य. काळा थेंब लोंबतो आहे.)

हा थेंब पडायला अजून थोडा वेळ आहे. आपण पाहतो आहोत ती 2012 सालची टोयोटा कोरोला. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, एका मराठी कुटुंबाच्या घरासमोरच्या सपाट ड्राइव्हवेवर ती पुढच्या दोन चाकांनी रॅम्पवर चढवून उभी केली आहे आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावलेले आहेत. इंजिन पाच मिनिटे चालवून बंद केले आहे. तेल कोमट असले की पातळ होते आणि बुडाशी बसलेला गाळ सोबत घेऊन येते, पण ते हात भाजण्याइतके तापलेले मात्र नसावे.

चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठणाऱ्या भांड्याचा, नट खोलून तेल परातीत सोडणे हे काम बहुतेकांना ठाऊक असते, आणि घरी ऑइल बदलणाऱ्याला पहिल्याच दिवशी ते जमते. येथेही ते झाले आहे. चौदा नंबरच्या पान्ह्याने नट निघाला, धार लागली, बारीक झाली, थेंबांवर आली, आणि नवा वॉशर घालून नट पुन्हा बसवला गेला. आमचा कॅमेरा ज्यासाठी येथे आला आहे ती गोष्ट चेंबरच्या शेजारी आहे. बूड खाली करून बसवलेली ही काळी, कंगोरेदार वाटी म्हणजे ऑइल फिल्टरचे हाउसिंग. चेंबर पूर्ण रिकामे झाले, तरी हिच्यात तेल भरलेलेच राहते.

ते किती राहते, हे याच इंजिनाच्या दोन आकड्यांवरून कळते. 1.8 लिटरच्या या इंजिनाला फिल्टर बदलताना 4.2 लिटर तेल लागते आणि फिल्टर न बदलता 3.9 लिटर. मधला फरक आहे 300 मिलिलिटरचा, म्हणजे चहाचे तीन कप भरतील इतका. हे तेल वाटीतच आहे, आणि वाटीचे तोंड वर असल्यामुळे वाटी फिरवून सैल करू लागताच ते काठावरून ओसंडते आणि मनगटावरून कोपरापर्यंत येऊन जमिनीवर सांडते.

या वाटीचा इतिहास थोडा मागे जाऊन सांगायला हवा. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात इंजिनाच्या तेलाला बहुधा फिल्टर नसेच. जाळीतून जेवढे अडकेल तेवढे अडके आणि बाकीचा कचरा तेलाबरोबर बेअरिंगांमधून फिरत राही. 1923 मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीसाठी तेल गाळण्याचे साधन तयार केले आणि त्याला ‘प्युरोलेटर’ हे नाव दिले. पुढची अनेक वर्षे फिल्टर म्हणजे धातूच्या डब्यात बसवलेले गाळणे असे. डबा गाडीलाच राही आणि आतले गाळणे तेवढे बदलले जाई. डबा खोलायचा, पुसायचा, नवे गाळणे बसवायचे आणि झाकण घट्ट करायचे, हे कष्टाचे आणि हात माखवणारे काम होते. म्हणून 1954 मध्ये विक्स कंपनीने डबा आणि गाळणे एकत्र असलेला, आख्खा फिरवून काढायचा आणि आख्खा टाकून द्यायचा फिल्टर बाजारात आणला, तेव्हा तो सर्वत्र रुळला. भारतातल्या कितीतरी गाड्यांना आजही तसाच फिल्टर लागतो.

पण आख्खा टाकून द्यायच्या डब्याबरोबर दर वेळी पोलादही जाते आणि त्यात अडकलेले तेलही जाते. त्यामुळे पुढे अनेक कंपन्या जुन्या पद्धतीकडे वळल्या. वाटी गाडीला कायमची, आणि बदलायचा तो फक्त कागदाचा घड्या घातलेला भाग. टोयोटाने या वाटीत एक साधी सोय केली, आणि आमच्या मते ती सोय वापरली जायला हवी. वाटीच्या बुडाशी, अगदी मधोमध, तेल काढण्याचा स्वतंत्र प्लग आहे.

(जवळचे दृश्य. वाटीच्या बुडावरचे उठावदार आकडे.)

चिंधीने चिखल पुसल्यावर प्लास्टिकमध्ये ओतलेला आकडा वाचता येतो, 25 न्यूटन-मीटर. वाटी किती घट्ट करायची हे कंपनीने वाटीवरच लिहून ठेवले आहे. मधल्या प्लगला चौकोनी भोक आहे, आणि त्यात तीन अष्टमांश इंचाच्या रॅचेटचे टोक सॉकेट न लावताच थेट बसते. येथे घाई करू नये. प्लग फिरतो आहे की आख्खी वाटीच फिरते आहे, हे डोळ्यांनी पाहत रॅचेटवर जोर द्यावा लागतो. मागच्या वेळी ही गाडी एका गॅरेजमध्ये गेली होती आणि तेथे कोणी तरी प्लग इतका आवळला होता की आज त्याला हलवताना वाटीही हलू लागली. गाडीच्या मालकांनी एका हाताने वाटी पकडली, दुसऱ्या हाताने रॅचेटला झटका न देता सावकाश जोर दिला, आणि प्लग सुटला.

प्लग निघाला, पण तेल आले नाही.

“बाबा, आत काहीच नाही वाटतं,” गाडीखाली टॉर्च धरून बसलेली त्यांची मुलगी म्हणते.

“आहे गं. दार बंद आहे अजून,” ते म्हणतात.

हे दार म्हणजे प्लगच्या वर, वाटीतच स्प्रिंगवर बसवलेली छोटी झडप. प्लग काढला तरी ती मिटलेलीच राहते, म्हणून हातावर काही सांडत नाही. नव्या फिल्टरच्या खोक्यात, कागदी घड्यांच्या शेजारी, प्लास्टिकची बोटभर लांबीची एक नळी येते. अनेक जण ती पॅकिंगचा तुकडा समजून टाकून देतात. ती नळी या भोकात सरळ वर दाबली की तिचे टोक झडप उचलते आणि तेलाला वाट मिळते. प्लगची छोटी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे, वाटीतच राहिली असेल तर या वेळी ती काढू नये, कारण तीच नळीला भोवतीने आवळून धरते. प्लगबरोबर ती बाहेर आली असेल तर नळीसोबत पुन्हा आत घालावी. नळीच्या खालच्या टोकाला रबरी पाइप जोडला तर धार थेट कॅनमध्ये जाते. येथे मात्र नळीखाली परात धरलेली आहे.

(काही क्षण निवेदन नाही. नळीतून वाहणारी काळी धार.)

सुरुवातीला येते ते तेल शाईसारखे काळे आहे. टॉर्चचा प्रकाश पलीकडून पडला की धारेच्या काठाला काकवीसारखी तपकिरी कड दिसते. इंजिनात इंधन जळताना तयार होणारी काजळी तेलाने स्वतःत धरून ठेवलेली असते. तेल काळे पडणे म्हणजे ते बिघडणेच नव्हे. त्याने केलेले कामही त्या काळेपणात दिसते. दोन मिनिटांनी धार दोऱ्याएवढी होते आणि मग थेंब एकेक करून पडू लागतात. वाटी आता जवळजवळ कोरडी आहे आणि तिच्या कडेवरून एक थेंबही खाली आलेला नाही. त्यानंतरच नळी आणि ती छोटी रिंग काढायची, आणि 64 मिलिमीटरच्या, चौदा कंगोऱ्यांच्या टोपीसारख्या पान्ह्याने वाटी खोलायची.

वाटी खाली येते तेव्हा तिच्यात फिल्टर उभा असतो. कागदाच्या घड्या तेलाने जड होऊन मिटल्या आहेत. बोटांनी त्या अलगद उघडून पाहाव्यात. धातूचा चुरा चमकला तर इंजिनाच्या आत काही तरी झिजते आहे, असे समजावे. येथे तसे काही नाही. वाटीच्या खाचेतली जुनी मोठी ओ-रिंग आता चपटी आणि कडक झाली आहे. ती बोटांच्या चिमटीने दाबून फुगवटा आणून काढायची असते. स्क्रूड्रायव्हर खुपसला तर खाचेवर ओरखडा पडतो आणि पुढे तेथूनच तेल पाझरते. नवी रिंग नव्या तेलाचे बोट फिरवून त्याच खाचेत बसवायची, आणि ती कोठे पिळलेली नाही ना, हे पूर्ण फेरी करून पाहायचे. इंजिनाच्या बाजूचा काठही स्वच्छ फडक्याने पुसायचा. जुनी रिंग तेथेच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसवली, तर इंजिन सुरू होताच तेल बाहेर येते.

वाटी घट्ट करताना माणसाचा हात आपसूक जोर लावतो, कारण गळतीची भीती असते. खरे तर गळती रोखण्याचे काम जोर करत नाही, रिंग करते. वाटी आपल्या जागेवर टेकली की रिंग हवी तेवढी दाबली गेलेली असते, आणि त्यापुढचा सगळा ताण प्लास्टिकवर आणि आट्यांवर येतो. म्हणून येथे ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा पान्हा, म्हणजे टॉर्क रेंच वापरला आहे. चेंबरच्या नटाला 37 न्यूटन-मीटर, वाटीला 25 आणि मधल्या प्लगला 13. प्लगचीही छोटी रिंग नवी घातली आहे. ती नव्या फिल्टरच्या खोक्यातच मिळते आणि पुष्कळदा खोक्यातच राहून जाते.

नरसाळ्यातून 0डब्ल्यू-20 या दाटपणाच्या श्रेणीचे चार लिटर तेल गेले, इंजिन एक मिनिट चालले, वाटीभोवती कोरडे फडके फिरवून पाहिले आणि ते कोरडेच निघाले. पाच मिनिटे थांबून तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक पाहिली आणि उरलेले तेल थोडे थोडे घातले.

(रस्त्याच्या कडेची लोखंडी जाळी. तिच्यावर माशाचे चित्र.)

ड्राइव्हवेच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला पावसाचे पाणी जाण्यासाठी ही जाळी आहे. तिच्यावर माशाचे चित्र आहे आणि येथे काही टाकू नका, हे पाणी जलप्रवाहाला मिळते, अशी सूचना ओतलेली आहे. सांडपाणी शुद्ध करण्याची जी व्यवस्था घरातल्या मोरीला असते ती या जाळीखाली नसते. ड्राइव्हवेवर सांडलेले तेल पुढच्या पावसात येथून ओढ्यात आणि ओढ्यातून रॅरिटन नदीत जाते, आणि एक गॅलन जुने तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते.

गाडीच्या मालकांचे बालपण सांगली जिल्ह्यात गेले. घरी ट्रॅक्टर होता, आणि त्यातून निघालेल्या तेलाला सगळे जळके ऑइल म्हणत. गोठ्याच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते फडक्याने लावले जाई आणि उरलेले कुंपणाच्या कडेला ओतले जाई. त्यात काही चूक आहे असे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही, असे त्यांनी आम्हाला सांगितले. आज ते प्रत्येक थेंब मोजतात. जुने तेल पुन्हा शुद्ध करून त्याचे नवे वंगण करता येते. अडीच क्वार्ट (चार क्वार्टचा एक गॅलन) वंगणासाठी 42 गॅलन कच्चे खनिज तेल लागते, पण जुने तेल असेल तर तेवढ्याच वंगणाला एक गॅलन पुरते, असा त्याच संस्थेचा हिशेब आहे.

राहिला तो जुना कागदी फिल्टर. तो लगेच कचऱ्यात टाकला जात नाही. तेलाचे धातूचे फिल्टर गरम असतानाच किमान बारा तास निथळू द्यावेत, अशी पर्यावरण संरक्षण संस्थेची सूचना आहे, आणि या घरात कागदी फिल्टरलाही तोच नियम लावतात. जुन्या पत्र्याच्या डब्यावर स्वयंपाकघरातून बाद झालेली गाळणी ठेवली आहे आणि तिच्यावर फिल्टर उभा केला आहे. गाळणीच्या जाळीवरून एक थेंब सुटतो, मग बराच वेळ काही होत नाही, मग दुसरा सुटतो.

(दुसऱ्या दिवशीची सकाळ. तोच डबा.)

रात्रभरात डब्याच्या तळाशी तेलाचा पातळ थर जमला आहे आणि फिल्टर हाताला हलका लागतो. मुलगी डबा तिरपा करून तो थर कालच्या कॅनमध्ये ओतते आणि कॅनचे झाकण लावते. कॅन गाडीच्या डिकीत उभा ठेवला जातो, कडेला जुन्या टॉवेलचा आधार देऊन. मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मागच्या बाजूला जुन्या तेलाची टाकी आहे आणि तेथे तेल फुकट घेतले जाते. कॅन टाकीवर उपडा होतो. शेवटचे तेल कॅनच्या तोंडाशी रेंगाळते, आणि ते पूर्ण खाली येईपर्यंत बाबा कॅन तसाच धरून उभे राहतात.