निवडणुकीसाठी कोर्टाची पायरी चढलेले ॲलन पेज

श्रोतेहो, नमस्कार. आज ॲलन पेज यांच्याविषयी बोलू. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावरचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. त्याआधी ते होते फुटबॉलपटू. अमेरिकन फुटबॉल हं, तो दणकट अंगाच्या माणसांचा! मिनेसोटा व्हायकिंग्ज संघात ते बचाव फळीत खेळत. १९७१ साली ते लीगमधले सर्वोत्तम खेळाडू ठरले. बचावातल्या खेळाडूला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

खेळता खेळताच त्यांनी कायद्याचं शिक्षण घेतलं. १९७८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाची पदवी हातात आली आणि त्याच वर्षी व्हायकिंग्जनी त्यांना सोडून दिलं. त्यांना लांब पल्ल्याच्या धावण्याचं वेड लागलं होतं, वजन उतरलं होतं. पुढची काही वर्षं ते शिकागो बेअर्सकडून खेळले. आपल्याकडे खेळाडूनं बॅट ठेवली की त्याच्या हाती माइक येतो. एखाद्यानं कायद्याचं पुस्तकही धरून पाहावं, असं मला आपलं वाटतं. असो.

पण मला सांगायचीय ती १९९२ सालची गोष्ट. मिनेसोटात हे न्यायमूर्ती मतदार निवडतात. सहा वर्षांसाठी, पण पक्षाच्या नावाशिवाय. पेज तेव्हा राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात वकील होते. एका न्यायमूर्तींची मुदत संपत आली होती, म्हणजे निवडणूक लागणार. पेज तयार होते. तेवढ्यात गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, आर्नी कार्लसन यांनी त्या न्यायमूर्तींना मुदतवाढ दिली. मुदत वाढली, म्हणजे निवडणूक गेली!

पेज यांनी गव्हर्नरविरुद्ध दाद मागितली. कुठे? त्याच सर्वोच्च न्यायालयात! जिथे बसायचं, तिथेच फिर्यादी म्हणून उभे. आता आली का पंचाईत? ज्यांच्या शेजारच्या खुर्चीचा वाद, त्यांनीच निवाडा कसा द्यायचा? म्हणून सगळे न्यायमूर्ती बाजूला झाले आणि बदली न्यायाधीश बसवले गेले. त्यांनी सांगितलं, मुदतवाढ चालणार नाही, निवडणूक घ्या. पुन्हा सांगतो, खटला खुर्चीसाठी नव्हता, निवडणुकीसाठी होता. खुर्ची मतदारांनी दिली, त्याच नोव्हेंबरात. १९९३ च्या जानेवारीत पेज न्यायमूर्ती झाले.

पुढे ते आणखी तीनदा निवडून आले. २०१५ मध्ये सत्तर पूर्ण होताच निवृत्त झाले, कारण तिथला नियमच तसा आहे. आपल्या उच्च न्यायालयात बासष्टला घरी पाठवतात. अनुभव पिकला की माणूस घरी, हे मला कधी पटलेलं नाही.

मुलांच्या शिक्षणासाठी पेज दांपत्यानं १९८८ मध्येच एक संस्था काढली होती. मिनिआपोलिसमध्ये एका शाळेला पूर्वीच्या गव्हर्नरचं, अलेक्झांडर रॅमसेचं नाव होतं. तिथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांना संपवा किंवा राज्याबाहेर हाकला, असं म्हणणारा हा माणूस. विद्यार्थ्यांनी ते नाव बदलायला लावलं. २०१७ पासून त्या शाळेचं नाव जस्टिस पेज मिडल स्कूल आहे.

नमस्कार.